चपाती बंद करण्याआधी



आज पाठ नाही, उपक्रम नाही, स्वाध्यायही नाही. आज मी माझ्याच एका चुकीबद्दल लिहिते आहे. तीच चूक तुमच्यापैकी कुणाच्या तरी मोबाईलमध्ये आत्ताही फॉरवर्ड व्हायची वाट बघत असेल, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर वर्गाच्या पालक ग्रुपवर मी एक व्हिडिओ टाकला. गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम असलेली मुलं काही महिन्यांत बोलायला लागतात, असं त्यात एक गृहस्थ अगदी ठासून सांगत होते. तेव्हा माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता आणि त्यात एक मुलगा स्वमग्न आहे. (शासनाच्या कागदावर 'स्वमग्नता', बोलताना सगळे 'ऑटिझम'च म्हणतात.) नाव सांगणार नाही. तो मोजकेच शब्द बोलतो, पण वर्गातल्या पंख्याचा आवाज जरा बदलला तरी सगळ्यांच्या आधी त्याला कळतं. मला वाटलं, त्याच्या आईला उपयोग होईल. खरं सांगायचं तर मी स्वतः तो व्हिडिओ पूर्ण बघितलाही नव्हता.

त्याच्या आईने मात्र पूर्ण बघितला, दोनदा. दुसऱ्या दिवसापासून घरात चपाती, बिस्किट, दूध, दही सगळं बंद. ती शाळेत येऊन मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाठवलात म्हणून लगेच सुरू केलं. त्याला कुणाच्या डब्यातलं काही देऊ नका हां." मी मान डोलावली. कौतुकही केलं.

आता या मुलाचं खाणं सांगते. तो चारच गोष्टी खायचा. साखर लावून गुंडाळलेली चपाती, दुधात बुडवलेलं बिस्किट, केळं आणि पांढरा भात. शाळेतली खिचडी पिवळी असते म्हणून तिला हात लावत नाही. म्हणजे चारातल्या दोन गोष्टी एका दिवसात गेल्या. त्यांच्या जागी आईने नाचणीची भाकरी, घावन, पोहे असं सगळं करून बघितलं. त्याने ताट सरकवून दिलं. स्वमग्न मुलांचं खाणं असं ठरावीक रंगाला, ठरावीक स्पर्शाला बांधलेलं असतं, त्याला हट्टीपणा म्हणू नये, हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. वर्गात शिकले.

ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं. जूनमध्ये मी नोंदवलेल्या वजनापेक्षा त्याचं वजन दीड किलोने कमी भरलं. चड्डी सेफ्टी पिनने आवळलेली. दुपारच्या सुट्टीनंतर तो स्वतःचं मनगट चावायचा, त्याचे वळ डॉक्टरांनी पाहिले आणि आईला विचारलं, "पोट साफ होतं का याचं?" आई म्हणाली, "चार-पाच दिवसांनी." हा प्रश्न मी वर्षभरात एकदाही विचारला नव्हता.

चिपळूणला बालरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते असं, की गहू बंद करण्याआधी रक्त तपासलं होतं का?

इथे थोडं थांबून ग्लुटेन म्हणजे काय ते बघू, कारण हा शब्द सगळे वापरतात आणि अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. गव्हाची कणीक मळली की ती ताणली जाते, तुटत नाही. तो चिवटपणा ज्या प्रथिनांमुळे येतो ते ग्लुटेन. तांदळाच्या पिठात ते नसतं, म्हणून मोदकाला उकड काढावी लागते. नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी यांतही नसतं. गहू, बार्ली आणि आपल्याकडे फारशी न दिसणारी राय या धान्यांत असतं. म्हणजे मैदा, रवा, पाव, बिस्किट, गव्हाच्या शेवया, नूडल्स आलेच. माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरी बार्लीच्या. आणि डबीतला हिंग! त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा.

ग्लुटेनमुळे होणारे त्रास मुख्यतः तीन. पहिला सिलिअ‍ॅक आजार. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती ग्लुटेनमुळे बिथरते आणि लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न अंगाला लागत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, कधी उलट बद्धकोष्ठ, खुंटलेली उंची, लोहाच्या गोळ्या देऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन. दुसरी गव्हाची अ‍ॅलर्जी, तिचं यंत्रणा वेगळी. तिसरी ग्लुटेन संवेदनशीलता, म्हणजे हे दोन्ही नाहीत पण गहू खाल्ला की त्रास होतो. तिच्यासाठी ठरावीक रक्ततपासणी नाही, त्यामुळे तिच्या नावावर काहीही खपतं.

सिलिअ‍ॅक आणि गहू यांचा संबंध नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई होती, पाव मिळत नव्हता. त्या काळात सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. सिलिअ‍ॅक असलेलं मूल चिडचिडं आणि गप्पगप्प असतं आणि गहू सुटला की खुलतं, हेही डॉक्टरांच्या लक्षात आलेलं होतं. मग कुणालाही वाटणारच, की गप्प राहणाऱ्या दुसऱ्या मुलांनाही हाच उपाय चालेल का? १९४३ साली लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं होतंच. १९७९ पासून एक तर्क मांडला जाऊ लागला की गहू आणि दुधातली प्रथिनं नीट न पचता त्यांचे अफूसारखे परिणाम करणारे तुकडे रक्तात जातात आणि मेंदूवर काम करतात. व्हिडिओतले गृहस्थ हेच सांगत होते, फक्त तर्क आहे असं न म्हणता.

प्रश्न वेडगळ नव्हता. म्हणूनच शास्त्रज्ञांनी तो तपासला. २००८ साली ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांच्या लघवीत ते तुकडे शोधले, सापडले नाहीत. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये, जिथे आतड्याच्या तपासण्यांची देशभराची नोंद ठेवलेली असते, सुमारे २७,००० सिलिअ‍ॅक रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांचा ऑटिझम आधीच निदान झालेला होता त्यांच्यात सिलिअ‍ॅक इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. पण एक गोष्ट मात्र आढळली. रक्तात सिलिअ‍ॅकची प्रतिपिंडं आहेत पण आतडं निरोगी आहे, अशा गटात येण्याची शक्यता ऑटिझम असलेल्यांत साडेचारपट होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका लहान अभ्यासात स्वमग्न मुलांमध्ये गव्हातल्या ग्लायडिनविरुद्धची एक प्रकारची प्रतिपिंडं जास्त दिसली, विशेषतः पोटाच्या तक्रारी असलेल्यांत. सिलिअ‍ॅकची खास खूण असलेली प्रतिपिंडं मात्र जास्त नव्हती.

म्हणजे काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. काही मुलांच्या शरीरात गव्हाविषयी काहीतरी वेगळं चाललेलं असू शकतं. पण तेवढ्यावरून 'गहू बंद म्हणजे बोलणं सुरू' ही उडी मारता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग मला सगळ्यात पटला. ३ ते ५ वर्षांची फक्त १४ मुलं होती, पण काटेकोरपणे केलेला प्रयोग. आधी रक्त तपासून सिलिअ‍ॅक नसल्याची खात्री केली. मग सगळ्यांचे गहू आणि दूध बंद. पुढे आठवड्याला एकदा गुपचूप खाऊ द्यायचा. कधी त्यात गहू, कधी दूध, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. कशात काय आहे हे ना आईला माहीत, ना तपासणाऱ्याला. वागणं, झोप, शौच, कशातही फरक दिसला नाही. मूल लहान आहे पण प्रयोग मोठ्यांच्या मनावर आहे, असं मला तो वाचताना वाटलं. कारण आपल्याला माहीत असलं की आज गहू खाल्लाय, तर आपण त्याच्या प्रत्येक रडण्यात गहूच शोधतो.

आणि एक साधा विचार करा. आपल्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या भात आणि तांदळाची भाकरी. गहू असा घराघरांत रोजचा झाला तो अलीकडे. २०१६ च्या एका पाहणीत सिलिअ‍ॅकची प्रतिपिंडं उत्तर भारतात १.२३ टक्के लोकांत सापडली, दक्षिणेत फक्त ०.१० टक्के. गहू जास्त तिथे तो आजार जास्त दिसतो. ऑटिझम तसा गव्हामागे फिरत नाही, तो भात खाणाऱ्या गावांतही आहे.

आता खरं जे मला बोलायचंय ते. पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. कोयनेच्या पावरहाऊसमुळे इथे घाटावरची माणसं आली, त्यांची चपाती आणि ज्वारीची भाकरी आली, वाडीतल्या लोकांची तांदळाची भाकरी होतीच. आमच्या मुलांच्या डब्यात दोन्ही दिसतात. या मुलाची आई घाटावरची, आज्जी इथली. चपाती बंद झाल्यावर त्या घरात काय झालं ते मला नंतर कळलं. आज्जीला नातवाची उपासमार बघवेना, तिने चोरून एक बिस्किट दिलं. संध्याकाळी मुलगा खूप रडला. आईने बिस्किटाचा कागद शोधून काढला आणि दोन दिवस सासू-सून बोलल्या नाहीत. मुलाचे वडील आईला म्हणाले, "तू आधीच बंद केलं असतंस तर एव्हाना बोलला असता." सात वर्षं ज्या बाईने रोज पहाटे उठून त्याला आवडते तशी चपाती लाटली, तिला हे ऐकावं लागलं. आणि हे सगळं माझ्या एका बोटाच्या दाबण्याने.

ऑटिझमच्या इतिहासात हे पूर्वी एकदा होऊन गेलंय. १९५० आणि ६० च्या दशकात अमेरिकेत मोठमोठे लोक सांगत होते की आई थंड, प्रेम न करणारी असली की मूल स्वमग्न होतं. हजारो आया त्या ओझ्याखाली जगल्या. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते, पुस्तक लिहून ते खोडून काढलं आणि कारण शरीरात, मेंदूच्या जडणघडणीत असल्याचं मांडलं. आणि गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, पुढे आहाराच्या उपायांचे मोठे पुरस्कर्तेही तेच झाले. दोष आईच्या मनातून निघाला तो तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. मूल बोललं नाही तर उपाय चुकला असं कुणी म्हणत नाही, घरात कुणीतरी पथ्य मोडलं असणार म्हणतात. हा हिशेब मला मान्य नाही.

बरं, पथ्य करून बघायला काय हरकत आहे, तोटा तर नाही ना, असं माझ्या एका सहशिक्षिकेने विचारलं. तोटा आहे. एक तर ज्याचं खाणंच चार गोष्टींचं आहे त्याच्या दोन काढल्या तर काय होतं ते वर सांगितलं. दुसरं, दूध बंद केलं तर हाडांचा प्रश्न येतो. २००८ च्या एका अभ्यासात स्वमग्न मुलग्यांची हाडं मुळात पातळ आढळली आणि दूध वर्ज्य केलेल्यांची आणखी पातळ. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेने तर २०१३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर उपाय म्हणून ग्लुटेन किंवा दुधाचं पथ्य लावू नये.

आणि तिसरा तोटा सगळ्यात महत्त्वाचा. सिलिअ‍ॅकची तपासणी मूल गहू खात असतानाच करायची असते. रक्तात टीटीजी नावाची प्रतिपिंडं बघतात, ती वाढलेली असली तर पुढे गरजेप्रमाणे दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन खात्री करतात. गहू आधीच बंद केला की प्रतिपिंडं कमी होतात, आतडं भरून येऊ लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. घर झाडून-पुसून झाल्यावर चोराच्या पावलांचे ठसे शोधण्यासारखं. म्हणजे ज्या मुलाला खरोखर सिलिअ‍ॅक आहे, ज्याने आयुष्यभर कडक पथ्य पाळायला हवं, त्याचंच निदान आपल्या घाईमुळे हुकतं. आमच्या या मुलाला डॉक्टरांनी सहा आठवडे रोज पुन्हा चपाती द्यायला सांगितली आणि मग रक्त घेतलं. पहिल्या दिवशी त्याने तीन खाल्ल्या, असं आज्जी सांगते.

तेव्हा ऑटिझम असलेल्या मुलाला सिलिअ‍ॅक असूच शकत नाही असंही समजू नका. असू शकतो, इतर कुणालाही असू शकतो तसा. वजन-उंची अडली असेल, पोट सतत बिघडत असेल, रक्त वाढत नसेल, घरात कुणाला सिलिअ‍ॅक असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "टीटीजी करायची का?" आणि रिपोर्ट सिलिअ‍ॅकचा आला तर मग गहू बंद, एक कणही नाही. तेव्हा आपण कोकणात आहोत याचा आनंद माना. महागड्या ग्लुटेन-फ्री पिठाची पाकिटं मागवायची गरज नाही, तांदूळ-नाचणी घरात आहेच. फक्त एकाच गिरणीत गव्हामागोमाग तांदूळ दळला तर गव्हाचं पीठ त्यात येतं, त्याची काळजी घ्यावी लागते. बाजारातल्या पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायला आपल्या देशात किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, यावरून कल्पना येईल की किती थोडं चालतं. शाळेतली भाताची खिचडी अशा मुलाला बहुधा चालेल, पण फोडणीचा हिंग बघायचा.

माझ्या विद्यार्थ्याचा रिपोर्ट सिलिअ‍ॅक नसल्याचा आला. सापडलं ते जुनं, घट्ट बद्धकोष्ठ. पोट तपासताना डॉक्टरांच्या हाताला लागत होतं म्हणे. औषध सुरू झालं. पण त्याचं मूळ थोडं आमच्या शाळेतही होतं. तो शाळेच्या स्वच्छतागृहात जातच नव्हता. पावसाळ्यात तिथे अंधार, फिनेलचा उग्र वास आणि पत्र्यावर पावसाचा धडधडाट. ज्याला पंख्याचा आवाज सहन होत नाही तो तिथे कसा बसेल? सकाळी घरी घाई, दिवसभर शाळेत दाबून धरायचं. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात स्वमग्न मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या सुमारे चौपट आढळल्या होत्या, त्यातही बद्धकोष्ठ, जुलाब आणि पोटदुखी. आणि ज्याला "पोटात दुखतंय" हे सांगता येत नाही, तो मनगट चावतो, डोकं आपटतो, बाकाच्या कडेवर पोट दाबून पडून राहतो. मी हे सगळं 'वर्तनसमस्या' या रकान्यात लिहीत होते.

आता मी एक वही ठेवलीय. दोन आठवडे, रोज एक ओळ. काय खाल्लं, काय ठेवलं, स्वच्छतागृहात गेला का, त्रागा किती वाजता झाला, त्याआधी काय झालं होतं. बस. आहाराचा सल्ला त्यात नाही, तो माझा विषय नाही. ती वही आई डॉक्टरांकडे घेऊन जाते, गट साधन केंद्रातून येणारे विशेष शिक्षकही बघतात. तुम्ही शिक्षक असाल तर हे करायला पाच मिनिटं लागतात. पालक असाल तर बाईंकडे मागा, संकोच करू नका. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, मूल नेहमीच्या शाळेत शिकणं हा त्याचा हक्क आहे आणि दुखणं ओळखलं जाणं त्यातच आलं.

तो मुलगा आता तिसरीत आहे. बोलतो तेवढेच शब्द, एक-दोन वाढलेत, पण ते औषधाने की वयाने ते मी सांगू शकत नाही. मनगटावरचे वळ गेले. वजन भरलं. स्वच्छतागृहात आम्ही एक पांढरा दिवा लावला, फिनेल त्याच्या वेळेनंतर टाकतो आणि मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं तो एकटा जातो. तो व्हिडिओ मी ग्रुपवरून काढायला गेले, तर बराच वेळ झाल्यामुळे निघेना. मग त्याखालीच लिहिलं की मी हे न तपासता पाठवलं होतं, कृपया यावरून मुलाचं खाणं बदलू नका. सात पालकांनी अंगठा दाखवला. एका आईने रात्री वेगळा मेसेज केला, "मॅडम, मीपण बंद केलं होतं."

हा लेख टाकण्याआधी मी मुलाच्या आईला वाचून दाखवला. तिने दोनच बदल सांगितले. साखरेची चपाती नव्हे, तूप-साखरेची. आणि सासूबाईंशी अबोला दोन नाही, तीन दिवस होता.